दादा हयात आहे

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी लग्न होऊन घरात आले तेव्हापासून ताई म्हणते. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि मी घराजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. आमचं घर नाशिकरोडला, स्टेशनच्या अलीकडच्या वसाहतीत. ताईंची रात्रपाळी असली की त्या परत यायच्या तेव्हा मी शाळेला निघालेली असायची, आणि आमचं बोलणं फाटकातच व्हायचं. "डाळ भिजत घातलीय," एवढं सांगून मी पळायची. पुढची काही वर्षं आम्ही दोघींनी मिळून जे केलं, ते करायची माझी एकटीची छाती झाली नसती. मी फक्त इंग्रजीत पत्रं लिहून दिली. बाकी सगळं ताईंचं.

ताईंना दोन भाऊ होते, पण हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. धाकट्याला मी ओळखत होते. तो गावी शेती बघायचा आणि यायचा तेव्हा कांद्याची गोणी घेऊनच यायचा. थोरल्याचा विषय घरात कुणी काढत नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ताईंचे वडील वारले आणि तो विषय आपोआप निघाला.

गाव निफाड आणि लासलगावच्या मध्ये. थोडी जमीन, एक विहीर. जलदानविधी झाला, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी ओट्यावर घरचीच माणसं उरली. ताईंची आई भिंतीला टेकून बसली होती. धाकट्या भावानं घसा साफ केला.

"आक्का, सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचीत. तलाठी म्हणतो, थोरला कुठाय त्याचं काहीतरी आणा. मी वकिलाला विचारून आलो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मेलेला धरतं. अर्ज करायचा, पेपरात जाहिरात द्यायची, घरच्यांनी सह्या करायच्या."

तो वाईट माणूस नव्हता. विहिरीवरच्या मोटारीचं वीज कनेक्शन वडिलांच्या नावावर होतं आणि नावं लागल्याशिवाय पुढचं काही हलत नव्हतं. त्याला कांदा जगवायचा होता. पण ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"कुणी बघितलं त्याला मरताना?"

"आक्का, तुझ्या लग्नापासून त्याची चिठ्ठी नाय. जिता असता तर एवढ्या वर्षांत..."

"आणि असला जिता तर? जित्या माणसाला कागदावर मारायचं आणि त्याच्यावर सही मी करायची? आमच्याकडे नाडी बघितल्याशिवाय डॉक्टरसुद्धा कुणाला मेलेला म्हणत नाही."

भावानं मान खाली घातली. मग ताईच जरा मऊ झाल्या. म्हणाल्या, "मला थोडी मुदत दे. नाडी बघते. नाहीच लागली तर तू म्हणशील तिथं सही करीन."

परतीच्या एसटीत ताईंनी मला सगळं सांगितलं. रस्त्यावर कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, गाडी रखडत चालली होती, म्हणून बोलायला वेळ मिळाला. दादा फिटर. सातपूरला एका कारखान्यात लागला होता. तिथं परदेशी यंत्रं बसवायला स्वीडनचा एक इंजिनिअर आला. त्याला दादाचा हात आवडला. परत गेल्यावर त्यानं दादाला बोलावून घेतलं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. जाताना दादा ताईंना म्हणाला, तू शाळा सोडायची नाही, नर्सिंगला जायचं, मी तिकडून बघतो.

"तो पत्रात दर वेळी विचारायचा, कितवा नंबर आला म्हणून. मी मॅट्रिक झाले आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांनी माझं लग्न लावून दिलं. त्याला आधी कळवलंसुद्धा नाही. नंतर कळवलं. त्यावर त्याचं काही आलं नाही. एकदाही नाही."

"म्हणजे तो रागावला."

"रागावला असेल. वडील म्हणायचे, साहेब झाला, विसरला. मला तसं कधी वाटलं नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "पण गंमत बघ. मी शिकले की! आपल्या सासूबाईंनी पाठवलं मला नर्सिंगला, लग्नानंतर. पदरात पोर असताना. तेच नेमकं त्याला माहीत नाही."

सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. त्यांच्याविषयी ताई बोलायच्या तेव्हा आवाज बदलायचा. त्या दिवशी मला कळलं, की हा शोध सातबाऱ्यासाठी नाही. दादाला एक बातमी द्यायची राहून गेली होती.

आमच्याकडे सुरुवातीला होतं ते एवढंच: देशाचं नाव, एका गावाचं नाव आणि एक जुना पत्ता. त्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र बऱ्याच दिवसांनी परत आलं. त्यावर परक्या भाषेत शिक्का होता. मग मी तिथल्या आपल्या वकिलातीला लिहिलं. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आलं आणि सभ्य आलं. या नावाची नोंद आमच्याकडे नाही, पण एक गोष्ट कळवतो, असं लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं. या देशात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा पत्ता सरकारदप्तरी असतो आणि तो कुणालाही विचारता येतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही नोंद चर्चकडे असायची, आता ती कर खात्याकडे आहे. नाव आणि जन्मतारीख कळवून त्या गावच्या कर कचेरीला लिहा.

मी हे मराठीत सांगत होते आणि ताई भाजी निवडायच्या थांबल्या होत्या.

"कुणालाही? म्हणजे मी कोण, कशाला विचारते, हे नाही सांगायचं?"

"तसंच लिहिलंय."

"आणि लोक चालवून घेतात?"

"तिकडे चालत असेल."

त्या एकदम हसायलाच लागल्या. "म्हणजे आमचा दादा इतकी वर्षं चर्चच्या वहीत होता! इथं वडिलांनी धम्म घेतला म्हणून मास्तरांनी दाखल्यावर काय लिहायचं यावर सगळं गाव भांडलं होतं."

त्यांना त्या व्यवस्थेचं मनापासून कौतुक वाटलं. दवाखान्यात बेवारस म्हणून आणलेली माणसं त्यांनी पाहिली होती. कुणाचं गाव कळत नाही, कुणाचं घर. "तिकडे कुणी बेवारस मरत नसेल," त्या म्हणाल्या. पुढेही कितीदा तरी म्हणाल्या.

जन्मतारीख मात्र कुणाला माहीत होती? आम्ही गावी जाऊन आईला विचारलं. आईनं क्षणभरही विचार केला नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. बैल रंगवलेले व्हते दारात." वर्ष तिला सांगता येईना. धाकट्याच्या वयावरून, दोघांच्या मध्ये गेलेल्या एका बहिणीवरून हिशेब लावला. मग ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुनी पंचांगं मिळवून पोळ्याची इंग्रजी तारीख काढली. एवढी मेहनत केल्यावर माझी खात्रीच झाली होती की आता काम होणार. मी झोकात पत्र लिहिलं.

उत्तर आलं: या नावाची आणि या जन्मतारखेची व्यक्ती आढळत नाही.

धाकटा भाऊ त्याच आठवड्यात कामासाठी नाशिकला आला होता. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला. "मग आता झालं ना, आक्का? त्यांचं सरकारच म्हणतंय, नाय म्हणून."

मलाही तेच वाटत होतं. ताईंना नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघ. ते नुसत्या जित्यांची वही ठेवत नाहीत. मेलेलेही त्यात असणार. मेला असता तर अमक्या दिवशी मेला असं लिहिलं असतं. हा जित्यातही नाही आणि मेलेल्यातही नाही. म्हणजे चूक त्यांची नाही. आपण भलत्याच माणसाचं विचारतोय."

"भलत्याच म्हणजे? आपलाच भाऊ ना?"

"भाऊ आपलाच. पण तिकडे तो कोण म्हणून आहे, ते आपल्याला माहीत नाही."

हे वाक्य मला तेव्हा नीटसं कळलं नाही. मी नावाच्या मागे लागले. त्यांच्या माहेरच्या आडनावात ‘ळ’ आहे, आणि इंग्रजीत ‘ळ’ लिहायचा म्हणजे ज्याला जसं सुचेल तसं. कुणी एक एल घालतो, कुणी दोन, धाकट्याच्या रेशनकार्डावर तर डी होता. मी सगळी रूपं कागदावर मांडून बसले. पण गाठ तिथं नव्हती.

गाठ सुटली ती मे महिन्याच्या अखेरीला, ताईंच्या दवाखान्यात. निवृत्त होणाऱ्यांचा निरोपसमारंभ होता आणि मला सुट्टी होती, म्हणून ताई मला घेऊन गेल्या. व्यासपीठावर खुर्च्यांची रांग आणि रांगेत इतके लोक, की मला वाटलं सत्कार करणारेही त्यातच बसलेत. एक आया, दोन वॉर्डबॉय, ड्रायव्हर, हेडक्लार्क, मेट्रन, माळी. सगळे एकाच दिवशी निवृत्त. मी ताईंच्या कानात म्हटलं, "एवढे सगळे एकदम?"

"मेच्या शेवटाला दर वर्षी असंच असतं," त्या म्हणाल्या. "सगळे एक जूनचे."

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. माईकवर कुणीतरी माळीबुवांच्या प्रामाणिक सेवेविषयी बोलत होतं. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"दादासुद्धा."

"काय?"

"अगं, दादासुद्धा एक जूनचाच असणार! गावात तारीख कोण लिहून ठेवत होतं? शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर सगळ्यांना एक जून टाकायचे. माझा धाकटा एक जूनचा, चुलतभाऊ एक जूनचे. पासपोर्ट काढायला दादानं शाळेचाच दाखला दिला असणार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेला आईचा मुलगा. स्वीडनला गेला तो मास्तरांचा!"

समोर टाळ्या वाजत होत्या. ताई चहालाही थांबल्या नाहीत. मेट्रनबाईंच्या हातात गुलाबाचं फूल देऊन, पाया पडून त्या मला ओढतच बाहेर घेऊन आल्या. घरी येईपर्यंत रिक्षात त्या एकट्याच हसत होत्या. मी इतकी वर्षं शाळेत वावरणारी बाई. एक जूनचे दाखले मी स्वतः हाताळले होते. मला सुचलं नव्हतं. त्यांना सुचलं, कारण हा शोध त्यांच्या डोक्यात दिवसरात्र चालू होता. इंजेक्शन देताना, ओटा पुसताना, भाषण ऐकताना.

दुसऱ्या पत्रात आम्ही एक जून लिहिलं, मास्तरांनी शाळेत घालताना वय वाढवलं असेल असं धरून दोन वेगवेगळी वर्षं लिहिली, आणि आडनाव तीन तऱ्हांनी. हा प्रकार वाचून तिथल्या कारकुनाला काय वाटेल याची मला लाज वाटत होती, म्हणून मी आमच्याकडे जन्मतारखा अशा का असतात हेही सविस्तर लिहिलं.

उत्तर आलं तेव्हा दिवाळी जवळ आली होती. ताई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, पांढऱ्या साडीतच होत्या. पाकीट त्यांनी मला फोडायला दिलं. आत एकच कागद. वर दोन ओळींचं पत्र: आपण विचारलेली व्यक्ती मिळाली, आपल्या देशातल्या जन्मतारखांबद्दल वाचून आनंद झाला. खाली नाव, एक जून, आणि नवा पत्ता. पहिल्या गावाहून बराच उत्तरेला असलेल्या एका छोट्या गावातला.

"आहे," मी म्हणाले. "ताई, दादा हयात आहे."

त्या खाली बसल्या. चपला काढायचं भान नव्हतं. मी घाईघाईत पुढचं वाचत गेले आणि एका शब्दावर अडखळले. त्यांनी लगेच ओळखलं.

"काय लिहिलंय?"

"त्यांची... वैवाहिक स्थिती लिहिलीय. विधुर."

त्यांनी कागद हातात घेतला. तो इंग्रजी शब्द दवाखान्याच्या केसपेपरवर त्यांनी शेकडो वेळा पाहिलेला होता. तरी त्यांनी त्यावर बोट ठेवून मला पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे मला वहिनी होती," ताई म्हणाल्या. "आणि गेलीसुद्धा."

इतक्या दिवसांनी भाऊ सापडला होता, आणि त्या रडत होत्या ते कधी न पाहिलेल्या बाईसाठी. त्या कागदावर तिचं नावही नव्हतं. संध्याकाळी ताई आंघोळ करून, स्वच्छ साडी नेसून विहारात गेल्या. मीही गेले. त्यांनी एक मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. भन्तेजींनी विचारलं, कुणासाठी? ताई म्हणाल्या, "माझ्या वहिनीसाठी. परदेशी होती."

दुसऱ्या दिवशी मी फोनच्या गोष्टी करायला लागले. पत्ता आहे म्हटल्यावर चौकशीतून नंबर मिळाला असता, आणि आमच्या घरी तेव्हा फोन आलेला होता. पण ताईंनी मला थांबवलं.

"फोन नको. दवाखान्यातून अचानक फोन गेला की घरच्यांचं काय होतं ते मी बघितलंय. हॅलो म्हणून माणसाच्या अंगावर इतकी वर्षं टाकायची नाहीत. मी पत्र लिहिते. त्याला वाचू दे, ठेवू दे, पुन्हा वाचू दे. त्याचं त्यानं ठरवावं."

"आणि त्यांनी उत्तरच दिलं नाही तर?"

"नाही दिलं तर नाही दिलं." त्या पातेलं घासत होत्या. "कुठं आहे ते शोधायचा मला हक्क होता. त्यानं माझ्याशी बोललंच पाहिजे, असा नाही. जिता आहे एवढं कळलं. धाकट्याला सांगीन, नाव लाव म्हणून."

इतकी धडपड करून मिळवलेला माणूस, आणि त्याला दार बंद ठेवायची मोकळीक त्या देत होत्या. मला ते जमलं नसतं.

पत्र मराठीत होतं, अगदी छोटं. त्यांनी मला वाचून दाखवलं. वडील गेले. आई आहे, नीट आहे, डोळ्यानं कमी दिसतं. धाकट्याला दोन मुलगे. वहिनी गेल्याचं सरकारी कागदावरून कळलं, वाईट वाटलं. आणि शेवटी: दादा, माझं लग्न झालं, पण मी शिकले. मी नर्स आहे. तुझ्यावर कुणाचा राग नाही. लिहावंसं वाटलं तर लिही. खाली आमचा फोन नंबर.

हिवाळा गेला. उत्तर आलं नाही. ताईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी मात्र पोस्टमनकडे बघून बघून थकले. मार्चमध्ये आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आणलं. एका रविवारी सकाळी मी पोहे करत होते आणि फोन वाजला. पदराला हात पुसत मी उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग एक जाड, खोल आवाज, एकेक शब्द जपून ठेवत असल्यासारखा.

"नाशिक हाय का?"

"हो, नाशिक. कोण बोलतंय?"

"मी... माझी भैन हाय का तिथं?"

मी रिसीव्हर ताईंच्या हातात दिला. इतकी वर्षं शहरात राहून, डॉक्टरांशी बोलून ताईंची भाषा स्वच्छ झाली होती. आम्ही तर त्यांना कधी ‘नाय’ म्हणतानाही ऐकलं नव्हतं. पण त्या फोनवर एकदम गावच्या झाल्या.

"दादा? म्या बोलते. व्हय, म्याच."

मग बराच वेळ त्या फक्त ऐकत होत्या. भिंतीला हात टेकून उभ्या. मधेच म्हणाल्या, "नाय रे, कुणाचं काय चुकलं नाय." मग म्हणाल्या, "व्हय. खरीखुरी नर्स. सरकारी. आता तर माझ्या हाताखाली पोरी शिकत्यात." त्यानंतर पलीकडून काहीच आवाज येत नसावा, कारण त्या फोन कानाला धरून तशाच राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या, "रड, रड. म्या हाय हितंच."

नंतर त्यांनी मला सांगितलं. लग्न झाल्याचं वडिलांचं पत्र आलं तेव्हा दादाला वाटलं होतं, आपण इतक्या लांब आलो म्हणून बहिणीचं शिक्षण मोडलं. आपण इथं असतो तर लग्न होऊ दिलं नसतं. आधी राग होता, मग राग गेला आणि लाज उरली. एक वर्ष लिहिलं नाही, मग दुसऱ्या वर्षी काय लिहायचं ते कळेना. बायको म्हणायची, लिही. ती गेल्यावर म्हणणारंही कुणी राहिलं नाही. ताईंचं पत्र सगळा हिवाळा त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं.

पण त्या सकाळचा फोन एवढ्यावर संपला नाही. आई डोळ्याला पट्टी बांधून कॉटवर बसली होती. ताईंनी वायर ओढून रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. "आई, दादा हाय."

आई खूश झाली नाही, रडलीही नाही. तिनं कडक आवाजात विचारलं, "तुझ्या पायाला काय भाजलं व्हतं?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. आईनं पुढं विचारलं, "कंच्या पायाला?" पुन्हा उत्तर. "आन् उचलून कुणी आणलं?"

त्या उत्तराला तिचा चेहरा सैल पडला. ती ताईंकडे तोंड करून म्हणाली, "त्योच हाय. गुऱ्हाळातली काकवी सांडली व्हती डाव्या पायावर. त्याच्या बापानं पाठीवर आणला व्हता." त्या देशाच्या सरकारनं दिलेल्या कागदावर तिचा विश्वास बसलेला नव्हता. आता बसला.

पुढच्या जानेवारीत दादा आले. उंच, पांढरे केस, जाड कोट हातावर घेतलेला. मराठी बोलायचे ती त्या रविवारी फोनवर ऐकलेलीच. गाव सोडलं त्या दिवशीची, मधली पंचवीस वर्षं तिला शिवलीच नव्हती. आमच्या मुलांनी जे शब्द कधी ऐकलेले नव्हते ते शब्द स्वीडनहून आलेला माणूस बोलत होता. दादा आणि ताई गावी गेले, धाकट्याला घेऊन तलाठ्यासमोर उभे राहिले. दादा म्हणाले, माझा हिस्सा मी सोडतो, लिहून देतो. ताई म्हणाल्या, "आधी नाव लागू दे. मग काय सोडायचं ते सोड." धाकट्यानंही तेच म्हटलं आणि भावाचा हात धरून ठेवला. तसंच झालं. तिन्ही भावंडांची आणि आईची नावं लागली.

नाशिकमध्ये दादांनी एकच गोष्ट मागितली. बहिणीला कामावर बघायचं होतं. ताई लाजल्या, पण घेऊन गेल्या. मी दुपारी डबा द्यायला गेले, तर दादा ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या मधे बसलेले. ताई ये-जा करत होत्या, कुणाचं ड्रेसिंग, कुणावर ओरडणं, शिकाऊ मुलींना सूचना. दादा नुसते बघत होते. मी म्हटलं, "दादा, घरी चला, ऊन वाढलंय." ते म्हणाले, "ड्यूटी सुटस्तोवर बसतो. मला कुठं काम हाय?"

ही गोष्ट वसाहतीत पसरली, मग दवाखान्यात, मग कुठं कुठं. लोक ताईंकडे यायला लागले. मालेगावचा एक जण कुवेतला गेलेल्या भाच्याची चौकशी करायला आला, आणि तिथं अशी काही सोय नसल्यानं हात हलवत परत गेला. पुढच्या दशकात इंटरनेट आलं, ताई चिकाटीनं ईमेल शिकल्या. कुठल्या देशात मतदारयादी कुणालाही बघता येते, कुठं लग्नाच्या नोंदी उघड्या असतात, कुठं काहीच मिळत नाही, हे त्यांना तोंडपाठ झालं. निवृत्त झाल्यावर तर हेच त्यांचं काम. प्रत्येकाला त्या पहिल्यांदाच बजावायच्या, "मी पत्र लिहीन. उत्तर त्या माणसाच्या मर्जीनं येईल."

देवळाली कॅम्पच्या एका निवृत्त गृहस्थांची मुलगी इंग्लंडला होती. भांडून गेली होती, काही वर्षं बोलणं बंद. ताईंनी तिला शोधलं. तिचं उत्तर लगेच आलं. मी बरी आहे, माझं घर आहे, काम आहे. बाबांना एवढं सांगा. पत्ता देऊ नका.

ताई फोनवर सांगू शकल्या असत्या. पण त्या मला घेऊन देवळालीला गेल्या. गृहस्थांनी दार उघडलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मिळाली?"

"मिळाली काका. सुखरूप आहे. घर आहे, नोकरी आहे, तब्येत चांगली आहे."

ते खुर्चीत बसले. डोळे मिटले. मग म्हणाले, "पत्ता द्या."

"पत्ता तिनं देऊ नका म्हटलंय."

"तुमच्याजवळ आहे?"

"आहे."

"मी बाप आहे तिचा!"

"म्हणून तर स्वतः सांगायला आले, काका."

ते फार चिडले. आम्हाला वाटेल ते बोलले. आम्ही कोण लागून गेलो, असंही म्हणाले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर पडताना त्यांच्या पाया पडल्या. बसमध्ये मी म्हटलं, "दिला असता पत्ता तर काय बिघडलं असतं? म्हातारा माणूस." ताई म्हणाल्या, "दादानं उत्तर दिलं नसतं तर मीही अशीच बसले असते. तिकडे जाऊन त्याचं दार वाजवलं नसतं."

काही महिन्यांनी ते गृहस्थ आमच्या घरी आले. फाटकाशी उभे राहून त्यांनी एक फोटो पुढे केला. दाराशी लावलेल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले ते स्वतः, इस्त्रीचा शर्ट घातलेले. "एवढा पाठवाल का? काही लिहीत नाही बरोबर. नुसता फोटो."

ताईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, चहा दिला. फोटो गेला. उत्तर आलं की नाही ते ताईंनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.